नुसत्या रश्शाची अब्रू

आईच्या टेबलाशी बसून, आईच्या हातातल्या डावाकडे बघून, तोंडाने 'पुरे' म्हणणं हा गुन्हा अजून कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही. ही सरकारची हयगय आहे. कोंबडी चोरली तर शिक्षा आहे. जिने जन्मभर रांधून घातलं तिच्यासमोर ताट दूर सारणारा मात्र मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात उजळ माथ्याने हिंडतो.

हिंडतो म्हणजे, हिंडता येत नव्हतं हीच तर अडचण होती. नाबोर, दोन्या (म्हणजे बाईसाहेब) ओब्दुलियांचा थोरला, टायरच्या दुकानात काउंटरमागे बसायचा, आणि उठायचा तेव्हा काउंटरही थोडं त्याच्याबरोबर यायचं. दुपारी आईकडे जेवून खुर्चीत डोळा लागला की त्याचा श्वास मध्येच थांबायचा. भांडी घासणाऱ्या दोन्या ओब्दुलियांचा हात तिथेच थांबायचा. श्वास सुरू झाला की हात सुरू. याबद्दल घरात कुणी बोलत नसे. बोलायला तोंड रिकामं नसे.

डॉक्टरांनी पोट लहान करण्याचं ऑपरेशन सांगितलं. दोन्या ओब्दुलियांची त्याला हरकत नव्हती. पोट त्याचं, कापणारे शिकलेले. हरकत होती ती आधीच्या आठवड्यांना.

"कापायचं ते कापा," त्या सुनेला म्हणाल्या, "पण आधी उपाशी कशाला? बकऱ्यालासुद्धा कापण्याआधी चारा घालतात."

"सासूबाई, बकरा परत घरी येत नाही," ग्रिसेल्दा म्हणाली. (सून हजरजबाबी आहे. माहेरची वाईट सवय.)

एरवी ही पूर्वतयारी वाखाणण्यासारखीच म्हणायला हवी. एका माणसाचं जेवण बंद करायला एवढी माणसं राबताना गावाने कधी पाहिली नव्हती. एक रक्त काढणारा, एक घशातून नळी घालून पोट बघणारा, एक फुप्फुसं तपासायला नळीत फुंकर मारायला लावणारी, एक आहार आखून देणारी. सिगारेट बंद, सोडा बंद, कॉफी बंद. जेवताना पाणी नाही, पाणी पिताना जेवण नाही. प्रत्येक घास इतका चावायचा की तो काय होता हे विसरायला व्हावं. चमचा बाळाचा. ऊन चढायच्या आत चालून यायचं, म्हणजे आमच्याकडे जवळजवळ आदल्या दिवशीच.

मनाची डॉक्टरही होती. तिने विचारलं, "तुम्ही दुःखात खाता?"

"हो," नाबोर म्हणाला.

"आनंदात?"

"हो."

"मग खात कधी नाही?"

नाबोरने प्रामाणिकपणे पुष्कळ विचार केला. "चर्चमध्ये," तो म्हणाला, "प्रार्थना चालू असते तोवर."

बाईंनी त्याला पास केलं.

इतक्या शिस्तीच्या कामाला नातेवाइकांनी हातभार लावला नसता तर ती माणुसकी कसली? ज्याचं पोट जाणार त्याला निरोप द्यायलाच हवा, म्हणून रविवारी मेहुण्याने अंगणात निखारे पेटवले. पुढच्या शनिवारी कोंपाद्रे फेर्मीनने. (कोंपाद्रे म्हणजे ज्याच्या पोराच्या बाप्तिस्म्याला आपण धर्मपिता झालो आणि जो पुढे आयुष्यभर आपल्याकडे जेवतो तो.) मग मावशीला राग आला की आपल्याला विसरले, म्हणून तिच्याकडे. प्रत्येक निरोप शेवटचा होता. मांसाची पट्टी, कोपरापर्यंत येणारी तोर्तियाची पोळी, वर कोयोता, म्हणजे गूळ भरलेलं चपटं बिस्कीट. नाबोर म्हणे, "नको," आणि सगळे एका सुरात म्हणत, "अरे, एकानं काय होतंय?" पाहणी केली असती तर असं दिसलं असतं की एकानं कुणालाच काही होत नाही, आणि तो एक अजून कुणी पाहिलेला नाही.

दोन्या ओब्दुलियांना या उधळपट्टीचा संताप होता. निरोप त्यांच्या घरी नव्हता.

मग आली नुसत्या पातळाची वेळ. डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं की लिव्हर पोटावर पसरून बसलेली आहे. ती आक्रसली तर खालचं पोट दिसेल. नाही आक्रसली तर उघडलेलं तसंच शिवून घरी पाठवीन. "तोवर फक्त रस्सा," ते म्हणाले. "गाळलेला. नुसता."

दोन्या ओब्दुलियांनी मान डोलावली. कान त्यांचे तीक्ष्ण आहेत, शब्द न् शब्द ऐकला. पण डॉक्टर राजधानीकडचे. तिकडे रश्शात काही न घालण्याची पद्धत असेल, बिचाऱ्यांची परिस्थिती. इकडे आमच्या सोनोरा प्रांतात नुसता रस्सा फक्त दोघांना देतात: मेलेल्या माणसाच्या घरी आलेल्या सावकाराला, आणि नको असलेल्या जावयाला. पोटच्या पोराला कोण देईल? त्यांनी नियम पाळला. मांस घातलं नाही. थोडं दूध, थोडे बटाटे, भाजलेली मिरची, आणि चीज, तेही फक्त वितळेल तेवढं. पातेलं रोज दुपारी मुलाच्या घरी जाई. ग्रिसेल्दा तेव्हा त्याच्या जागी दुकानात असे. बरोबर तोर्तिया असे, कारण तोर्तियाशिवाय वाडगा पुसणार कशाने?

पहिल्या दिवशी नाबोर म्हणाला, "पुरे, आई." हाच तो गुन्हा. आईचा चेहरा बघून दुसऱ्या दिवसापासून त्याने तो केला नाही.

वजनाच्या दिवशी काट्याने नाबोरबद्दल आपलं मत सांगितलं. तो वाढला होता.

"काय घेत होतात तुम्ही?" आहाराच्या बाईंनी विचारलं.

"रस्सा." नाबोर जमिनीकडे बघत होता.

"फेर्मीन असेल!" ग्रिसेल्दा उसळली. "त्या मेल्याने गुपचूप काहीतरी आणून चारलं असेल!"

दोन्या ओब्दुलिया शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. फेर्मीनच्या नावावर आयुष्यात प्रथमच न केलेलं पाप चढत होतं, आणि आईने ते चढू दिलं. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असंच झालं तर माझ्याकडे येऊ नका.

त्या दुपारी नाबोर आईच्याच खुर्चीत झोपला. श्वास थांबला. दोन्या ओब्दुलियांचा हात थांबला. नळ वाहत राहिला. बराच वाहिला. ताटलीवरचा फेस धुऊन गेला, तरी खुर्चीतून आवाज नाही. त्यांनी ओल्या हाताने मुलाच्या छातीवर थापटी मारली, तेव्हा कुठे तो घरघरत परत आला आणि म्हणाला, "काय गं, जेवण झालं?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तेक्लाला एक नवल दिसलं. ओब्दुलियाने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती. आमच्या उन्हात चुलीपुढची खिडकी लावणारी बाई एकतर नोटा छापते किंवा काहीतरी लाजिरवाणं रांधते. आत दोन्या ओब्दुलिया कोंबडीचा रस्सा फडक्यातून गाळत होत्या. एकदा गाळला. तळ दिसला. जन्मात प्रथमच स्वतःच्या वाडग्याचा तळ त्यांना वाढण्याआधी दिसला.

तो रस्सा त्यांनी पातेल्यात झाकून, वर शाल घालून, मुलाकडे नेलं. वाटेत तेक्लाने विचारलं, "काय नेतेस गं?"

"चीजचा रस्सा!" दोन्या ओब्दुलिया ओरडून म्हणाल्या. अब्रू वेगळी, लिव्हर वेगळी.

यानंतर निरोप द्यायला आलेल्यांचा डबा त्यांनी मुलाच्या दारातच काढून घेतला. अन्न टाकू नये म्हणून स्वतःच खाल्ला. फेर्मीनचे दोन डबे खाल्ले. त्याचं देणं लागत होत्या.

पुढच्या वजनाला नाबोर उतरला होता, चांगलाच. आहाराच्या बाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि मग दोन्या ओब्दुलियांच्या सुजलेल्या घोट्यांकडे बघून अदबीने म्हणाल्या, "सेन्योरा, तुम्हीही जरा काट्यावर येता का?" दोन्या ओब्दुलियांना काहीच ऐकू आलं नाही. वयामुळे कान गेलेत.

ऑपरेशनच्या सकाळी चाकांच्या खाटेवर नाबोर हिरव्या झग्यात पडला होता. "आई," तो म्हणाला, "रागावली नाहीस ना? मी पुरे म्हणालो म्हणून?"

दोन्या ओब्दुलियांनी त्याचा झगा नीट केला. मग सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"फेर्मीनने तुला काही चारलं नाही, मी चारलं. ग्रिसेल्दा, तूही ऐक. पोरा, तुझं पोट मी मोठं केलं, आणि ते कापायला मात्र परका माणूस लागतोय. तू पुरे म्हणालास ते बरं केलंस, फार उशिरा केलंस. आता जा आत. मुकाट्याने श्वास घे, थांबू नकोस. आणि बाहेर आलास की तो गाळलेला रस्सा आणलाय मी, शालीत गुंडाळून. डॉक्टर म्हणाले उद्या द्या. पण एक घोट घे रे आजच. एकानं काय होतंय?"