लंबकर्णी पाकोळीचा जाहीर सत्कार

एका जंगलात... नको, मुलांनो, जंगलात हल्ली फार गर्दी असते. आपण एका वाळवंटात जाऊ. टोप्या घाला.

तर या वाळवंटात एक गुहा होती. तिथे सतरा पाकोळ्या उलट्या लटकून राहत. पाकोळी म्हणजे छोटं वटवाघूळ. त्यांतल्या लंबकर्णीला नुकतंच पिल्लू झालं होतं. ते दिवसभर तिच्या पोटाला बिलगून असे. त्याच्या पंखांत बळ येईपर्यंत अंधार आणि शांतता मिळावी, एवढंच तिचं मागणं होतं.

पण दीर्घकंठ नावाच्या उंटाला शोध लागला, की अशा पाकोळ्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. झालं! लगेच संवर्धन समिती निघाली. उंट अध्यक्ष, मुंगूस सचिव.

आधी अभ्यास झाला. समितीची वेळ दहा ते पाच. तेव्हा पाकोळ्या गाढ झोपेत. मुंगसाने लिहिलं, "ही जात अत्यंत आळशी असून काहीही खात नाही."

मग उद्घाटन ठरलं. उद्घाटन म्हटलं की समई आलीच. ती पेटवली थेट गुहेत. धूर झाला. पिल्लू शिंकायला लागलं.

उंटाने लंबकर्णीला शाल पांघरवली. शाल घसरून खाली पडली. नारळ दिला, तो मुंगसाच्या टाळक्यात बसला.

"अहो बाई, जरा सरळ बसा की!" मुंगूस कळवळला.

"आम्ही अशाच बसतो हो," लंबकर्णी म्हणाली. "अध्यक्षसाहेब, सत्कार नको. तेवढा दिवा विझवा. लेकराला झोपू द्या."

"बघा, केवढा हा विनय!" उंट गहिवरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पिल्लाने भोकाड पसरलं. उंटाने बावीस पानी भाषण काढलं.

आता मात्र लंबकर्णीचा धीर सुटला. पिल्लाला घेऊन ती रणरणत्या उन्हात उडाली. बाकीच्या सोळा तिच्यामागे.

उंटाने भाषण पूर्ण केलं. मुंगसाने अहवालात नोंदवलं, "दुर्मिळ असलेली ही जात समितीच्या प्रयत्नांनी अतिदुर्मिळ झाली आहे."

इकडे लंबकर्णी एका पडक्या विहिरीच्या कपारीत शिरली. तिथे एक म्हातारा नाग राहत होता.

"नागकाका, इथे राहू का?"

"राहा. पण आधीच सांगतो, भूक लागली तर खाईन हं."

"आणि भाषण?"

"छे! खाल्लं की मी महिनाभर गप्प पडून असतो."

लंबकर्णीचा जीव भांड्यात पडला.

तात्पर्य : भूक लागल्यावरच खाणाऱ्याच्या शेजारी संसार थाटता येतो. आपलं कौतुक करणाऱ्याला मात्र पत्ता देऊ नये.