बुधवारचा देव

माणसाची भक्ती त्याला घरी पोचायला होणाऱ्या उशिराच्या प्रमाणात वाढत जाते, असं माझं अडतीस वर्षांच्या सरकारी नोकरीनंतरचं ठाम मत आहे. मी गोकुळदास, निवृत्त अव्वल कारकून, राहणार डिचोली. मुलगा गौरेश वास्कोला कंपनीत आहे, सून प्राजक्ता पणजीला ऑफिसात. दोघं सकाळी सातला बाहेर पडतात आणि रात्री सात वीसला उंबरठ्यावर येऊन पडतात. मी दिवसभर घरीच असतो, त्यामुळे निरीक्षणाला भरपूर वाव मिळतो.

आमच्या घरी रात्री नुस्तें, म्हणजे मासळी, लागतंच. ते प्राजक्ता पणजीच्या बाजारातून पिशवीत घालून बसने आणते. तसं सकाळी दहाला शालिनी मासळीची पाटी घेऊन आमच्या दारात हाक मारते, पण घरात कोणी नाही, असं मला वोल्तेरवरूनच (लांब हातांची आरामखुर्ची) तिला सांगावं लागतं. सारखं उठणं गुडघ्यांना झेपत नाही.

या व्यवस्थेत किती वेळ जातो, याची मी मासळीच्या सलग अकरा संध्याकाळी पाहणी केली. सरासरी अशी: बांगडे साफ करणे एकवीस मिनिटं, नारळ खवून वाटप सतरा, हुमण (माशाची आमटी) चौदा, तळणं सोळा, आदोळी (विळी) आणि हात धुणे सात, मांजर हाकलणे चार. एकूण एकोणऐंशी. गौरेश या काळात कोथिंबीर शोधतो. (हुमणात कोथिंबीर पडत नाही, तिरफळं पडतात. पण त्याची मदत करायची वृत्ती नाकारता येत नाही.) पाहणी मी हातात घड्याळ धरून केलेली आहे, तेव्हा आकड्यांत चूक असणं शक्य नाही.

एवढी मेहनत नोकरी करणाऱ्या जोडप्याला परवडत नाही, हे मान्य करायला हवं. इंटरनेटवर यावर शेकडो उपाय आहेत म्हणे. आमच्या मुलांनी मात्र आपल्या मातीतला उपाय काढला. सोमवार महादेवाचा आणि गुरुवार दत्ताचा म्हणून शिवराक, म्हणजे मासळीशिवाय, होताच. त्या दोन रात्री कुकरच्या तीन शिट्ट्या, मुगाची खिचडी, वर लोणच्याची फोड, बावीस मिनिटांत पानं वाढलेली! मग शुक्रवार शिरगावच्या लईराई देवीला गेला. मंगळवार गणपतीनं घेतला. शनिवारी मारुती आला. रविवारी दोघं सावंतवाडीला तिच्या माहेरी जातात आणि मी शनिवारची खिचडी गरम करून (म्हणजे शेजारच्या वत्सलाबाई करून देतात ती) खातो.

याचे सामाजिक परिणाम उत्तम झाले. देवळाच्या कमिटीचे शांतारामबाब मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "गोकुळदास, तुमची सून म्हणजे देवमाणूस हां!" मी मान डोलावली. दोघंही दुपारी कामावर माशाची थाळी जेवतात, हे मी सांगितलं नाही. आमच्या घरातले देव सूर्यास्तानंतरच कडक होतात.

राहता राहिला बुधवार. तेवढी एक रात्र माझी होती. गुरुवारपासून मी बुधवारची वाट बघायचो. आणि गेल्या महिन्यात एका बुधवारी बस बंद पडली, प्राजक्ता साडेआठला आली, आणि माझ्या पानात खिचडी पडली. लाज कसली, त्या पानासमोर मला रडू आलं. आयुष्यात मी बढतीसाठी कधी भांडलो नाही, पण बांगडा हा वेगळा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर निवेदन लिहिलं. विषय : बुधवार अबाधित राखणेबाबत. सोबत पाहणीचा तक्ता जोडला. तीन प्रती काढल्या, एक फ्रिजवर चिकटवली आणि दोन दप्तरी ठेवल्या.

प्राजक्तानं ते उभ्या उभ्याच वाचलं. खांद्यावरची पर्स अजून तशीच होती. तक्ता तिनं दोनदा वाचला.

"बाबा," ती म्हणाली, "शालिनी धा वाजता दारात येता, तेव्हा घरात कोण आसता?"

"कोणी नाही," मी सवयीनं म्हणालो.

"मग असा करूया. बुधवारी तिच्याकडसून बांगडे घेवा. साफ करून मीठ-हळद लावन फ्रिजात ठेवा. वाटप मी आदल्या राती करून ठेवतंय. मी घराक इल्यार चौदा मिनिटांत हुमण. तुमच्याच तक्त्यात लिवलला आसा."

"आदोळी खंय आसा, तें मात्र माका विचारूं नाकात," गौरेश आतून म्हणाला. तो कोथिंबीर शोधत होता.

सूचना अत्यंत व्यवहार्य होती. त्यात एकही त्रुटी मला सापडेना, आणि मी अडतीस वर्षं त्रुटीच काढत आलो आहे. एकवीस मिनिटांची बैठक, समोर आदोळी, हाताला वास, दाराशी मांजर. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि त्याच क्षणी मला विठोबाची आठवण झाली.

"बुधवार विठोबाचा असतो," मी म्हणालो. "इतके दिवस आपल्या लक्षात कसं आलं नाही?"

प्राजक्ता हसली. मग तिनं कुकर चढवला.

निवेदन मी फ्रिजवरून काढून घेतलं आहे. आता आमच्या घरी आठवडाभर सात्त्विक आहार असतो, आणि डिचोलीत माझ्या वैराग्याचा बोलबाला आहे. वाचकांपैकी कित्येक जण माझ्या बांगड्यासाठी हळहळले असतील, त्यांचा मी ऋणी आहे. शालिनीला मी घरात कोणी नाही म्हणून सांगतो, हे तुम्ही सुरुवातीलाच वाचलंत आणि तसेच पुढे गेलात. त्यावरून तुमच्याही घरी दिवसभर कोणी नसतं, असं मी धरून चालतो.