रजिया सिस्टर आणि केसाएवढी नळी

रजिया सिस्टर पंधरापर्यंत मोजत असताना मध्ये बोलायचं नसतं. हे मला चार दिवसांनी कळलं. तोवर मी त्यांना सात-आठ वेळा परत एकपासून सुरुवात करायला लावली होती.

माझं वाटूरला मोटार वाइंडिंगचं दुकान. आमची मुलगी सातव्या महिन्यातच झाली, ओंजळीत मावेल एवढी. जालन्याच्या एका दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दंडातून केसाएवढी नळी आत गेलेली, थेट मोठ्या रक्तवाहिनीत. तिचं सगळं खाणंपिणं त्यातूनच. काहीही जोडायच्या आधी सिस्टर त्या नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं घासायच्या, मोठ्यानं मोजत. मी नेमकं अकराला विचारायचो, "सिस्टर, बाळ कसं आहे?"

"मोजणं चुकलं! परत एक."

त्यामुळे बाळ कसं आहे ते कळायचंच नाही.

माझ्या हातांवर तर त्यांचा खास राग. अंगठी काढायला लावली, मनगटावरचा दोरा काढायला लावला. "ही नखं हायेत का गॅरेज? धुवा." धुतले. "बराबर न्हाई. परत." धुतले. तिसऱ्या वेळी मलाच कळेना, मी पोरीला भेटायला आलोय की तिचं ऑपरेशन करायला.

नळी बसवली तो दिवस तर विसरणं शक्य नाही. मी काचेबाहेर उभा. मोठे डॉक्टर टोपी, मास्क, गाऊन घालून वाकलेले. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "सर, बाही पेटीला लागली. परत." आणि डॉक्टरांनी मुकाट्यानं हातमोजे काढून सगळं पहिल्यापासून सुरू केलं. हा दवाखाना नक्की कुणाचा?

बरं, एवढं करून नळी बसली, तर दुसऱ्याच सकाळी ह्याच सिस्टर डॉक्टरांना विचारतात, "सर, ही नळी आज कशाला पायजे?" तिसऱ्या सकाळीही तेच. मी पार चक्रावलो. काल बसवायला एवढा आटापिटा आणि आज काढायची घाई! माझ्या पोरीशी हिचं वैर आहे, असं धरून मी डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेलो.

ते हसले. "अहो, मीसुद्धा भितो त्यांना. पण ह्या बाळांना ताकद नसते. नळी जितके दिवस आत, तितके दिवस जंतूंना थेट रक्तात शिरायला वाट. त्या रोज विचारतात म्हणून मला रोज विचार करावा लागतो."

मला अर्धं समजलं. अर्धं समजलं नाही, पण तेव्हापासून अकराला तोंड बंद ठेवलं.

पुढे पोरीला आईचं दूध पचायला लागलं. एका सकाळी सिस्टरांनी तोच प्रश्न विचारला आणि डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. नळी निघाली. ताप नाही, काही नाही.

घरी निघायच्या दिवशी सिस्टरांनी विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"अजून काहीच न्हाई," माझी बायको म्हणाली.

"मी तर तहसीलदार म्हणून राह्यले. दिवसभर झोपायचं, अन् कुणी उठवलं की दरडावायचं."

आम्ही हसलो. "सगळ्यांना ठेवता का नावं?"

"मनातल्या मनात. एक कंडक्टर होता, एक पाटलीणबाई. एक पैलवान होता, मांजरीच्या पिल्लाएवढा."

"आता चांगला पळत असेल की," मी म्हणालो.

"न्हाई. तो घरी न्हाई गेला." सिस्टर आमच्या पोरीचं टोपडं सारखं करत राहिल्या. "त्याच्या मायनं नाव ठेवलंच नव्हतं. कागदावर नुसतं बाळ लिवलेलं. मंग पैलवान एवढंच नाव हाय त्याला. अन् ते मला एकटीलाच माहीत होतं."