दोघांच्या मधला एकनाथ

धुळ्याच्या आमच्या हॉस्टेलात दोन माणसं मराठीतच बोलत असली, तरी एकनाथ मधे उभा राहून भाषांतर करायचा. रेक्टर म्हणाले, "दिवे बंद करा," की हा आमच्याकडे वळून सांगायचा, "मथितार्थ असा, सरांना झोप आली आहे." गाव पारोळ्याकडचं, घरची बोली अहिराणी. मी सावद्याचा. आमच्या केळीच्या पट्ट्यातली माझीच बोली तो मला समजावून सांगे.

साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं श्रमदान शिबिर लागलं, तेव्हा प्राध्यापकांनी त्याला दुभाषी नेमलं. एकनाथने पेटीतला इस्त्रीचा शर्ट काढून घातला. उद्घाटनाला आलेले साहेब 'ग्रामोत्थानाच्या समग्र संकल्पने'वर चहा थंड होईपर्यंत बोलले. एकनाथने गावाला सांगितलं, "साहेब म्हनतस, हात धुवा."

तेवढ्यात पुढे बसलेली एक आजी उठली. हापशाला दिवाळीपासून पाणी नाही, बाया नाल्यातलं गढूळ पाणी भरतात, हात धुवायचे कशाने, असं ती तावातावाने बोलली. एकनाथ साहेबांकडे वळला. "मथितार्थ असा, आजी आपले आभार मानतात."

साहेब प्रसन्न हसले. टाळ्या झाल्या.

एकनाथ व्यासपीठावरून खाली उतरल्यावर आजीने त्याला गाठलं. "पोऱ्या, मी पानीकरता रडनू, नि साहेब हासना काबर?"

त्या दिवशी एकनाथ जेवला नाही.

समारोपाला तेच साहेब आले. आजी पुन्हा उठली. या खेपेला एकनाथने एक शब्द गाळला नाही. "आजी म्हणतात, साहेब बोलतात तसा हापसा वाहिला असता, तर आम्ही भात लावला असता."

हापसा आठवड्याभरात दुरुस्त झाला. प्रशस्तिपत्र मिळणाऱ्यांतून एकनाथचं नाव मात्र समारोपाच्याच दिवशी गेलं. सरकारी काम हवं तेव्हा असं चटकन होतं.

पुढे सुटीच्या दिवशी तो सरकारी दवाखान्यात उभा राहू लागला, खेड्यातले पेशंट आणि नागपूरकडचे तरुण डॉक्टर यांच्या मधे. पेशंटचा खोकलासुद्धा खोकून दाखवायचा. "थोडक्यात सांग," असं डॉक्टर म्हणाले, की बिथरायचा. "थोडक्यात नाही, साहेब. तो बोलला तेवढं."

एकदा मी त्याचा डबा घेऊन गेलो होतो. एका खाटेशी खेड्यातले एक म्हातारे नाना बसले होते. खाटेवर त्यांची बायको, डोळे मिटलेली. डॉक्टर एकनाथला हळूच म्हणाले, "त्यांना सांग, आता आपल्या हातात काही राहिलं नाही."

"नाना..." एकनाथ म्हणाला आणि थांबला. पुन्हा "नाना" म्हणाला. मग डोळेच वाहू लागले.

नानांनी त्याला शेजारी ओढून बसवलं. "डागदर बोलना ते समजनं माले, भाऊ. तू रडू नको." मग त्यांनी विचारलं, "तुनी माय शे का घर?"

"नही, नाना. मी न्हाना व्हतू तवयच गई."

नाना जरा सरकले. म्हातारीचा हात त्यांनी आपल्या हातातून काढला आणि एकनाथच्या हातात दिला.