देवजीकाकाची जन्मतारीख

उधव्याच्या नाक्यावर देवजीकाकाचं पंक्चरचं दुकान आहे. तिथं टायर उतरवून झालं की काका आधी विचारतो, "मी झालो तेव्हा तुमी कुठं होता?" हवा कुठून जाते ते तो नंतर बघतो. चाक त्याच्या ताब्यात असल्यामुळे गिऱ्हाईक पळूही शकत नाही. एकदा त्यानं हे एका फौजदाराला विचारलं. फौजदारानं दचकून, आपण त्या वेळी शाळेत होतो, असा जबाब दिला. मी म्हटलं, काका, तेव्हा मी जन्मलेच नव्हते. तर म्हणाला, मग आजीला विचारून ये. आणि माझी सायकल तशीच उलटी ठेवली.

कागदावर काकाचा जन्म एक जूनचा. आमचा निम्मा पाडा एक जूनला जन्मलाय. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून ठोकून मोकळे. हा योगायोग नाही, आळस आहे. आणि तो नेमका आमच्याच वाट्याला का, हे मी सभासभांतून विचारत आलेय. 'आमचे वाढदिवस परत करा' असं पत्रकही मी लिहिलं. पहिली सही काकाची हवी होती. त्यानं ते वाचलं, चांगलं लिवलंस म्हणाला आणि त्यावर सोल्यूशनची ट्यूब ठेवली.

त्याचा शोध त्याच्या पद्धतीनं चालायचा. सुट्टीच्या दिवशी तो पाड्यापाड्यांवर म्हाताऱ्यांकडे जाऊन बसायचा. कुणी सांगे, तू झालास त्या वर्षी नाचणी बुडाली. घरी येऊन काका ते फोनला विचारायचा. फोनसमोर तो चपला काढून बसतो आणि त्याला अदबीनं 'तुमी' म्हणतो. फोननं नाचणीच्या भाकरीची कृती दाखवली, तर तीही शेवटपर्यंत बघायचा. "तो बिचारा शहरातला, त्याला इथलं काय म्हाईत," म्हणून माफ करायचा.

एकदा मीही सोबत गेले. एका आजीनं सांगितलं की त्या साली दुपारी ग्रहण लागलं, ऊन फिकं पडलं नि कोंबड्या खुराड्यात शिरल्या. मग पुढच्याच महालक्ष्मीच्या जत्रेला, चैत्री पौर्णिमेला गडावर ध्वज लागला त्या पहाटे देवजी झाला. मला एवढं पुरलं. ग्रहणाचं साल फोनवर सापडलं, त्या सालच्या पौर्णिमेची तारीखही सापडली. दुसऱ्या दिवशी मी तारीख घेऊन तरातरा दुकानात गेले.

काकानं ती ऐकली. हात पुसले. म्हणाला, "बरं झालं. पन कुणाला सांगू नको, बाय."

माझं डोकंच फिरलं. हा तुमचा हक्क आहे, एवढी वर्षं लोकांची चाकं अडवून ठेवलीत ती कशासाठी, असं मी भर नाक्यावर सुनावलं. काका शांतपणे ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिला.

"मी झालो नि आई गेली," तो म्हणाला. "ती कशी होती असं सरळ विचारलं तर म्हाताऱ्या डोळे पुसतात, बोलत नाय. तारीख विचारली का आठवायला बसतात. आठवता आठवता तिचं बोलतात. तारीख मिळाली असं कळलं, तर मी कंच्या तोंडानं जाऊ?"

मी त्याच्याशेजारी उकिडवी बसले. मग विचारलं, काय काय मिळालं?

काका खुलला. आईला आंबट फार आवडायचं. तिचा फोटो नाही, पण हसताना ती तोंडावर पदर घ्यायची. आणि कालच्या आजीनं, मी फोनमध्ये ग्रहण शोधत बसले होते तेव्हा, आणखी एक सांगितलं होतं. भाताच्या लावणीला आईच्या शेजारी कुणी उभं राहायला मागत नसे. ती डाव्या हातानं रोपं लावायची, शेजारणीच्या हातावर हात आपटायचा, रोज भांडण.

सांगताना काका एवढा हसला की ट्यूब पाण्यात सुटली. ती त्यानं डाव्या हातानं उचलली, आणि मग त्या हाताकडे जरा वेळ बघत राहिला.