टबातलं स्टूल

इंगळेकाकू सुतारकाम बाथटबमध्ये बसून करतात. टब कोरडा असतो, काकू पूर्ण कपड्यांत असतात आणि डोळ्यांवर जावयाचा पोहण्याचा चष्मा असतो. हे आधीच सांगून टाकते, उगाच गैरसमज नको.

आमची ओळख झाली ती मी भांडायला गेले म्हणून. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या बिल्डिंगचे मजले इतके पातळ आहेत की वरच्याला शिंक आली तर खालच्याने 'ब्लेस यू' म्हणावं. मी एकटी राहते, घरून काम करते आणि शांततेच्या बाबतीत जरा खडूस आहे. एप्रिलमध्ये रोज बरोबर अकरा वाजता माझ्या डोक्यावर खर्रखर्र सुरू झाली. तीन दिवस मी मीटिंगमध्ये सगळ्यांना "सॉरी, बिल्डिंग वर्क" म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी मराठीत पुटपुटत जिना चढले आणि बेल दाबली.

दार उघडलं एका बुटक्या, साठी ओलांडलेल्या बाईंनी. गळ्यात शिंप्याची टेप, केसांत भुसा. मी 'एक्स्क्यूज मी' म्हणेपर्यंत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं होतं, माझं मराठी पुटपुटणंही ऐकलं होतं.

"डावा खांदा उतरता आहे तुझा," त्या म्हणाल्या. "ब्लाउज घसरत असेल."

घसरतो. वीस वर्षं घसरतोय. भांडायला आलेय हे मी विसरले आणि आत जाऊन चहा प्यायले.

काकू अकोल्याच्या. तिथे त्यांनी तीस वर्षं ब्लाउज शिवले. इकडे लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. लेक स्मिता आणि जावई सकाळी आठला ऑफिसला जात. "आई, तू नुसता आराम कर," असं स्मिता रोज जाताना सांगायची. तिसऱ्या दिवशी काकूंना आरामाचा कंटाळा आला. त्या फिरायला बाहेर पडल्या, तर चार घरं सोडून एका दारासमोर स्किप उभी होती. स्किप म्हणजे घराची डागडुजी करताना रस्त्याकडेला ठेवतात तो कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा. त्यात एक अख्खं लाकडी कपाट मोडून टाकलेलं होतं.

"अवं, चांगलं पाइनचं लाकूड," काकू मला सांगत होत्या. "बनवणारा पाहा बरं, मागची फळीसुद्धा खरी लाकडाची. आणि हे लोक फेकून राहिले!"

पण न विचारता घ्यायचं नाही. त्यांनी दार वाजवलं आणि घरमालकाला विचारलं, "सर, धिस वूड, थ्रोइंग ऑर कीपिंग?" त्या माणसाने कपाट तर दिलंच, वर घरापर्यंत फळ्या उचलूनही आणल्या.

आता लाकूड आलं, पण कापायचं कुठे? घरभर कार्पेट. जिन्यातही कार्पेट. भुसा एकदा त्यात शिरला की व्हॅक्यूमचा बापही काढू शकत नाही, आणि घर भाड्याचं. कार्पेट नसलेली जागा दोनच, किचन आणि बाथरूम. किचनमध्ये स्मिता भुसा चालू देणार नाही. मग काकूंनी टब पाहिला. चारही बाजूंनी भिंती, भुसा बाहेर जायचं नाव नाही, काम झालं की हाताच्या छोट्या व्हॅक्यूमने दोन मिनिटांत साफ. "इतकी चांगली जागा," त्या म्हणाल्या, "आणि लोक त्यात नुसती आंघोळ करतात."

हत्यारं तीनच. एक छोटी करवत, एक हातोडी आणि कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, मिळालेली एक गंजकी पटाशी. लाकडात खाच पाडायची ही चपटी छिन्नी काकूंनी फरशीच्या तुकड्यावर सँडपेपर चिकटवून तीन दिवस घासली. धार पाहायला कागद कापायचा. कागद न फाटता सुळकन कापला गेला तर पास, नाहीतर पुन्हा घासायची. काटकोन तपासायला कंपासपेटीतला प्लास्टिकचा गुण्या. आणि डिंक लावल्यावर लाकूड आवळून धरायला परकराची नाडी. जोडायच्या दोन्ही तुकड्यांभोवती नाडी बांधायची, मधे आमटीचा डाव घालून पीळ द्यायचा. मी म्हटलं, "काकू, दुकानात क्लॅम्प मिळतो." त्या म्हणाल्या, "अन् नाडी काय वाईट आहे?" मी आयटीत आहे. माझ्या टीमला कुठलंही काम सुरू करण्याआधी तीन नवी सॉफ्टवेअर्स लागतात. मी नाडीचं दुसरं टोक धरलं.

काकूंना करायचं होतं एक स्टूल. साधं, चार पायांचं.

पहिल्या स्टुलाची कथा त्या स्वतःच हसत सांगतात. ते डुगडुगत होतं, म्हणून त्यांनी एक पाय थोडा कापला. मग दुसऱ्या बाजूला डुगडुगलं, म्हणून तिकडचा कापला. मग तिसरा. शिंपीणबाईंचा हात, कापायला कचरत नाही. पण कापडात आत थोडं मार्जिन सोडलेलं असतं, चुकलं तर उसवून ढिलं करता येतं. लाकडात आत काही नसतं. आठवड्याच्या शेवटी स्टुलाचे पाय दोन-दोन इंचांवर आले आणि त्याचा उत्तम पाट झाला. आता काकू टबात त्याच पाटावर बसून काम करतात. "स्टूल जमलं नाही, पण बसायची सोय झाली," असं त्या म्हणतात.

दुसरं स्टूल तिरपं झालं. तिसऱ्याची फळी भोक पाडताना चिरली. अकराची खर्रखर्र आता माझं घड्याळ झाली होती. ती पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तर मी वर जाऊन चौकशी करायची.

जुलैत एकदा काकू ठेचा घेऊन माझ्याकडे आल्या. दीडचा सुमार होता. मी किचनच्या ओट्याशी उभी, एका हातात पोळीचा रोल, दुसरा हात लॅपटॉपवर.

"उभ्यानं काहून जेवतेस?"

"दोन मिनिटांचं तर काम आहे, काकू."

"रोज?"

"रोजच. कोण बसणार?"

गळ्यातली टेप काढून काकू उगाच ओट्याची उंची मोजू लागल्या. मग माझ्या गुडघ्यापाशीही टेप धरली. शिंपीणबाईंची सवय, दुसरं काय, असं वाटून मी मीटिंगला गेले.

सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचं परतीचं विमान ठरलेलं होतं आणि काकूंचं एकही स्टूल उभं राहिलेलं नव्हतं. त्या बेचैन झाल्या. खर्रखर्र अकराऐवजी साडेनवाला सुरू व्हायला लागली. स्मिता वैतागून म्हणाली, "आई, अगं आपल्या घरात ठेवायलासुद्धा जागा नाही. विमानातही नेता येणार नाही. कोणासाठी मरमर करतेस?"

"एक तरी धड करून जाऊ दे मला," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला.

जायला दहा दिवस राहिले असताना स्टुलाचा एक पाय आखूड कापला गेला. लाकूड संपलेलं. काकू टबात पाटावर बसून राहिल्या होत्या, चष्मा कपाळावर, मांडीवर तो पाय. मला त्यांच्याकडे बघवेना. लंच ब्रेकमध्ये मी रस्ता पालथा घातला आणि दोन गल्ल्यांपलीकडे एका स्किपमध्ये पलंगाच्या पट्ट्या दिसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी अनोळखी दार वाजवलं आणि विचारलं, "थ्रोइंग ऑर कीपिंग?"

काकूंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "गाठ नाही एकही," एवढंच म्हणाल्या आणि करवत उचलली.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काकू, आणि जवळजवळ त्यांच्या कमरेपर्यंत येईल असं एक उंच स्टूल. तीन पाय फिके, एक थोडा गडद. त्यांनी ते आत आणून ओट्यासमोर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. हललं नाही.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. पाय बरोबर आडव्या पट्टीवर टेकले. कोपर बरोबर ओट्यावर आलं. माझ्या मापाचं असं घरात तोवर काहीही नव्हतं.

"आमच्याकडे एकच स्टूल होतं," काकू ओटा पुसत म्हणाल्या. पुसण्यासारखं काही नव्हतं. "मशीनचं. त्यावर मी. हे दालमिलमधून दुपारी अर्ध्या तासाच्या सुट्टीत यायचे, ओट्याशी उभ्यानंच जेवायचे अन् जायचे. सव्वीस वर्षं. मी मशीनवरून मान वर करून विचारायची, भाजी वाढू का? पण उठले नाही गं कधी. म्हटलं नाही, या, बसा दोन मिनिटं. ते गेले तेव्हा मंडपवाल्याच्या पन्नास खुर्च्या आल्या अंगणात. त्या खुर्च्यांकडे पाहिलं अन् मला हे आठवलं. तोवर कधी आठवलंच नव्हतं."

मी स्टुलावर बसूनच त्यांचा हात धरला. पटाशी धरून धरून तळव्याला घट्टे पडले होते.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. अकरा वाजले, वर शांतता होती, आणि इतकी वर्षं जी शांतता मी मागत होते ती मला अजिबात आवडली नाही.

आठवड्याने दीड वाजता फोन आला. अकोल्याहून.

"जेवलीस?"

"जेवतेय, काकू."

"बसून?"

"हो, बसून."

त्या म्हणाल्या, "तीस वर्षं उभ्या बायांची मापं घेतली मी. उभ्या माणसाचा आवाज ओळखते. बस बरं आधी."

मी लॅपटॉप मिटला आणि स्टूल ओढलं.

"बसले," मी म्हणाले.

"हां. आता जेव. मी आहे फोनवर, घाई नाही मला."