कुलपातले आवाज

"ही डिस्क फोडायची तर लष्कर बोलवावं लागेल, लष्कर!" जुन्या लॅपटॉपवर थाप मारत मर्विन टिकलने जाहीर केलं. हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळायच्या 'बोल्स' खेळाच्या क्लबात जुन्या वस्तूंचा बाजार भरणार होता, त्यात तो लॅपटॉप द्यायचं ठरलं होतं.

"अरे, आतलं पुसून तरी टाक!" बायको म्हणाली.

"नोला, ही डिस्क स्वतःच स्वतःला कुलूप लावते! पासवर्ड इतका अवघड, की माझा मलाच आठवत नाही!"

नोलाने कपाळाला हात लावला.

आत काय होतं? नकला! गॅरेजचं दार लावून मर्विन क्लबातल्या एकेकाचा आवाज काढायचा आणि रेकॉर्ड करायचा. कुणाला कळलं असतं, तर क्लबच्या हिरवळीवर त्याला पाय ठेवू दिला नसता.

लॅपटॉप घेतला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रोवेनाने. शनिवारी क्लबात बार्बेक्यू होतं. सॉसेज चुरचुरत होते, रोवेना त्याच लॅपटॉपला स्पीकर जोडत होती.

"डिस्क बदललीस ना गं?" मर्विनने सहज विचारलं.

"कशाला? छान उघडली की!"

मर्विनच्या हातातला पाव कांद्यासकट खाली पडला. "पासवर्डाशिवाय?"

"अहो काका, पासवर्ड विचारतो तो डिस्कमधला पहारेकरी. खरी किल्ली त्याच्याच खिशात! तुमच्या पासवर्डाचा त्या किल्लीशी संबंधच नाही. पहारेकऱ्याला जरा पढवलं, की 'बरोबर, बरोबर' म्हणत तो किल्ली काढून देतो. सगळ्या डिस्का अशा नसतात, तुमची भोळी निघाली! मी पुसणारच होते, पण 'क्लबचे मान्यवर' असं फाइलचं नाव दिसलं. म्हटलं, जुनी भाषणं असतील, ऐकवूया सगळ्यांना!"

"थांब!"

पण तिने बटण दाबलं होतं. अध्यक्ष क्लाइव्ह यांचं भाषण सुरू झालं, दर दोन शब्दांना एक शिंक! सगळ्यांनी क्लाइव्हकडे पाहिलं. त्यांचं तोंड तर बंद होतं!

थेल्माबाई खदाखदा हसल्या. तेवढ्यात त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच गुडघ्याचं रडगाणं लागलं. बाईंचं हसू मावळलं. आणि शेवटी दणदणीत घोषणा झाली, "सादरकर्ता, मर्विन टिकल!"

सगळ्या माना वळल्या. मर्विनचे कान बीटासारखे लाल!

"मर्विन," क्लाइव्ह गरजले, "माझी शिंक इतकी किरटी नाहीये! चांगली घसघशीत आहे!"

मर्विनचा जीव भांड्यात पडतोय तोच नोला पुढे आली. "सगळे आहेत यात. मी कुठाय?"

"अगं, तुझी नक्कल... कशी करणार..."

"का? माझा आवाज एवढा बेचव आहे? कर! आत्ता, सगळ्यांसमोर!"

"होऊन जाऊ दे!" थेल्माबाईंनी सूड उगवला.

मर्विनने घसा खाकरला, कमरेवर हात ठेवले आणि कडाडला, "पुरे झालं! चला घरी!"

टेबलाखाली घोरत पडलेला मर्विन-नोलाचा कुत्रा ताडकन उठला, शेपूट पायात घालून धावत गेला आणि गाडीत जाऊन बसला.

क्लब हसून हसून लोळला. नोला तडक त्याच्यामागे गेली. गाडीत बसली, कुत्र्याला थोपटलं आणि निघून गेली.

मर्विन घरापर्यंत चालत गेला. नक्कल मात्र, क्लबाचं एकमत झालं, हुबेहूब होती!